वाळवंटातल्या तारुण्यपिटिका

तारुण्यपिटिका, म्हणजे रोजच्या बोलण्यातली मुरुमे, हा त्वचेतल्या तैलग्रंथींचा विकार आहे. वयात येताना मुलांच्या आणि मुलींच्याही शरीरात अँड्रोजन संप्रेरके वाढतात आणि कपाळ, नाक, गाल, हनुवटी, पाठ, छाती इथल्या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच सुमारास केसाच्या मुळाशी असलेल्या नळीतल्या मृत पेशी नीट झडत नाहीत, एकमेकींना चिकटतात आणि नळीचे तोंड बुजते. आत तुंबलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा त्वचेवर एरवीही वस्तीला असणारा जिवाणू वाढतो, शरीर त्याच्याशी झुंजते आणि लाल, दुखरी, कधी पू धरलेली पुळी वर येते. नळीचे तोंड उघडे राहिले तर तिथे काळा ठिपका दिसतो. त्याचा काळेपणा मळाचा नसून हवेच्या संपर्कात आलेल्या रंगद्रव्याचा असतो, त्यामुळे चेहरा कितीही घासला तरी तो निघत नाही. १२ ते २४ या वयात सुमारे ८५ टक्के जणांना हा त्रास कमीअधिक होतोच.

अमिरातीत या कारणांना हवेची साथ मिळते. जून ते सप्टेंबर दुपारचा पारा ४० च्या आसपास किंवा वर राहतो, पुष्कळदा ४५ गाठतो आणि किनाऱ्यावरच्या शहरांत दमटपणा वेगळाच. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हातली कामे सरकारी नियमाने बंद ठेवावी लागतात, यावरून उन्हाचा अंदाज यावा. शाळेची बस, वर्ग, मॉल आणि घर मात्र वातानुकूलित. पार्किंगपर्यंत घामाच्या धारा आणि उरलेला दिवस कोरड्या गारव्यात, असा हा दिनक्रम. त्यामुळे चेहऱ्यावर तेल असतेच, पण त्वचेच्या वरच्या थरातले पाणी उडालेले असते. चेहरा एकाच वेळी चमकतो आणि ओढल्यासारखाही वाटतो. ही जोडी लक्षात न घेतल्यामुळे खरेदीच्या बहुतेक चुका होतात. तेल दिसते म्हणून मिळेल त्या गोष्टीने चेहरा कोरडा केला जातो, त्वचा चुरचुरू लागते, आणि पुळ्या जिथल्या तिथेच राहतात.

दोष पाण्याला देण्याची पद्धतही दुबईच्या करामापासून शारजाच्या अल नहदापर्यंत सगळीकडे आहे. समुद्राचे खारेपण काढलेल्या पाण्याने मुरुमे येतात, याला भरवशाचा पुरावा नाही. त्रास देते ते पाण्याचे तापमान. जुलैत गच्चीवरच्या टाकीतले पाणी थंड नळालाही कढत येते, म्हणून कित्येक घरांत उन्हाळ्यात गीझर बंद ठेवून त्यात निवलेले पाणी ‘गरम’ नळातून घेतात. चेहऱ्यासाठी तेच बरे.

आता बाटल्यांकडे वळावे. दुबईच्या मॉलमध्ये फ्रेंच फार्मसी ब्रँडपासून कोरियन सीरमपर्यंत सगळे एका छताखाली मिळते आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुली रील पाहून यादी घेऊनच येतात. त्या यादीत रेटिनॉल, ग्लायकोलिक अ‍ॅसिड आणि व्हिटॅमिन सीची सीरमे असतात, आणि त्यांतली बरीचशी सुरकुत्यांसाठी बनवलेली असतात. ज्या त्वचेला सुरकुत्या पडायला अजून वीस वर्षे आहेत तिच्यावर हा खर्च व्यर्थ आहे, शिवाय एकावर एक थापलेली आम्ले चेहरा लाल करतात. या वयात लागतात चारच गोष्टी: सौम्य फेसवॉश, हलके मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि मुरुमांवरचे एक औषध.

फेसवॉश दिवसातून दोनदा पुरे. अंगाला लावायच्या वडीच्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या घरात असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. म्हणून ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत अल्कधर्मी नसलेला कृत्रिम क्लेन्झर वापरायला सांगितले आहे. फुटबॉल किंवा क्रिकेट खेळून आल्यावर साध्या पाण्याने तोंड धुतले तरी चालते. दाणेदार स्क्रब आणि अल्कोहोलचा टोनर दुकानातच राहू द्यावा. मॉइश्चरायझर जेल किंवा पातळ लोशनच्या रूपात घ्यावे. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ हा शब्द निवडीला मदत करतो, पण कंपनीने तो छापला एवढाच त्याचा आधार असतो, त्यामागे सक्तीची चाचणी नसते.

सनस्क्रीनबद्दल मुलगे फार कुरकुर करतात. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत पुळी बसली तरी मागे तपकिरी डाग उरतो आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. पुष्कळ घरांत तक्रार खरे तर या डागांचीच असते. ऊन त्यांना आणखी गडद करते. एसपीएफ ३० किंवा त्याहून अधिक, तेलकट न वाटणारे जेल सकाळी लावावे. त्वचेच्या रंगाची, आयर्न ऑक्साइड असलेली सनस्क्रीन डागांसाठी अधिक उपयोगी, कारण रंगद्रव्य वाढवणारा दृश्य प्रकाशही ती थोडाफार अडवते.

चौथी गोष्ट म्हणजे औषध, आणि घाई होते ती इथेच. बेंझॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारते. अडीच टक्के आणि दहा टक्के यांच्या परिणामात फारसा फरक आढळलेला नाही, जळजळ मात्र दहा टक्क्यांत जास्त. तेव्हा अडीच टक्क्यांची ट्यूब मागावी, आणि टॉवेल-उशीचे अभ्रे पांढरे ठेवावेत, कारण हे औषध रंग उडवते. सॅलिसिलिक अ‍ॅसिड (अर्धा ते दोन टक्के) बुजलेली छिद्रे सैल करते. नुसते काळे-पांढरे ठिपके असतील तर त्याने सुरुवात करायला हरकत नाही. अ‍ॅडापॅलीन हे व्हिटॅमिन ए वर्गातले औषध छिद्र बुजण्याच्या मूळ क्रियेवरच काम करते. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, वाटाण्याएवढे घेऊन कपाळ, दोन गाल, नाक, हनुवटी असे पाच ठिपके द्यायचे आणि पसरायचे. फक्त पुळीवर टोचून लावण्यात अर्थ नाही, कारण पुढच्या पुळ्या आजच्या नितळ दिसणाऱ्या जागी आत तयार होत असतात. पहिले काही आठवडे एक दिवसाआड लावावे. अझेलाइक अ‍ॅसिड पुळी आणि डाग दोन्हींवर चालते आणि सोसायला सोपे.

बुजलेल्या छिद्राची पुळी होऊन वर यायला आठवडे लागतात, त्यामुळे औषधाचा निकाल ८ ते १२ आठवड्यांआधी लावू नये. दर पंधरा दिवसांनी ब्रँड बदलणाऱ्या मुलाला कोणतेच औषध लागू पडल्याचे दिसणार नाही.

अमिरातीपुरती एक खबरदारी. बेंझॉइल पेरॉक्साइड उष्णतेने विघटित होऊन त्यातून बेंझीन हे कर्करोगकारक रसायन तयार होऊ शकते. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेने हा प्रश्न पुढे आणला. तिथल्या औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासून मार्च २०२५ मध्ये सांगितले की नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन आढळले नाही किंवा अत्यल्प होते, आणि मोजकी उत्पादने बाजारातून मागे घेण्यात आली. घाबरण्याचे कारण नाही, पण उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ट्यूब विसरू नये आणि मुदत संपलेली वापरू नये.

घरगुती उपायांत बेसन आणि मुलतानी माती निरुपद्रवी, फार तर चेहरा ओढतो. लिंबाचा रस मात्र चेहऱ्याला लावून उन्हात गेल्यास भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. टूथपेस्ट पुळी जाळते. सुट्टीच्या दिवशी डोक्यावर चोपडलेले खोबरेल कपाळावर उतरते आणि केसांच्या कडेने बारीक पुरळ येते. तेल लावायचेच तर न्हाण्याआधी तासभर पुरे. खाण्याबाबत, फार गोड आणि मैद्याच्या पदार्थांचा आणि काहींच्या बाबतीत दुधाचा थोडाफार संबंध दिसतो. तिखटाचा किंवा आंब्याच्या ‘उष्णते’चा पुरावा नाही. जिममधली व्हे प्रोटीनची पावडर आणि शाकाहारी मुलांना दिलेली बी-१२ ची इंजेक्शने मात्र काहींना मुरुमे आणतात, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

खरा धोका सामानातून येतो. गावाहून येताना आणलेल्या ‘गोरे करणाऱ्या’ ट्यूबमध्ये बेटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड असू शकते. आठवडाभरात चेहरा उजळतो, पुळ्या बसतात आणि घरच्यांना हातात जादू लागल्यासारखे वाटते. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्यांच्या रेषा दिसू लागतात, ट्यूब थांबवताच पुळ्यांचा भडका उडतो. भारतात २०१८ मध्ये अशी चौदा मलमे चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली, तरी काउंटरवर ती मिळतात. समाजमाध्यमांवरून विकल्या जाणाऱ्या बिनलेबल क्रीमांत पाराही सापडतो. दुबईत विकायच्या सौंदर्यप्रसाधनाची तिथल्या म्युनिसिपालिटीच्या ‘मोंताजी’ प्रणालीत नोंदणी लागते. इन्स्टाग्रामवरून घरपोच आलेल्या डबीला तसा काही आधार नसतो.

सगळी पुरळ मुरुमांची नसते. कपाळ, छाती, पाठ यांवर एकसारखे बारीक आणि खाजणारे फोड घामाच्या दिवसांत वाढले, तर ती मॅलॅसेझिया या बुरशीची लागण असू शकते. तिला बुरशीविरोधी औषध लागते आणि अँटिबायोटिकने ती वाढते.

खोल, दुखऱ्या गाठी, खड्डे पडू लागणे, तीन महिन्यांत फरक न पडणे, किंवा मुलीची पाळी अनियमित असून चेहऱ्यावर केस वाढणे, यांपैकी काहीही दिसले तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिले तर उन्हाने त्वचा लवकर भाजते, हे इथे विशेष लक्षात ठेवायचे. विम्याची पॉलिसी आधी वाचावी. पुष्कळ पॉलिसींत मुरुमांचा इलाज सौंदर्योपचार म्हणून वगळलेला असतो. या खर्चामुळेच आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुट्टीत पुण्या-मुंबईहून आणण्याचा मोह होतो. चिवट, डाग पाडणाऱ्या मुरुमांवर हे सर्वांत प्रभावी औषध आहे. पण ते गर्भाला गंभीर इजा करते, म्हणून वयात आलेल्या मुलींसाठी गर्भचाचणी आवश्यक असते. शिवाय यकृत आणि रक्तातली चरबी यांच्या तपासण्या मधूनमधून कराव्या लागतात. त्यामुळे गोळ्या कुठूनही घेतल्या तरी तपासणारा डॉक्टर मुलगा किंवा मुलगी राहते त्याच शहरातला हवा.