विश्लेषण : एका सापसुरळीसोबत संपली अख्खी प्रजाती! ख्रिसमस बेटावर नेमके काय घडले?

३१ मे २०१४ रोजी हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावर ‘गम्प’ नावाची एक सापसुरळी मेली. तपकिरी रंगाची, जेमतेम वीतभर लांबीची ही मादी पिंजऱ्यात ठेवलेली होती. ती तिच्या प्रजातीतील शेवटची ज्ञात सापसुरळी होती.

कोणती होती ही प्रजाती?

‘ख्रिसमस आयलंड फॉरेस्ट स्किंक’ ही सापसुरळी जगात फक्त याच बेटावर आढळायची. इंडोनेशियातील जावाच्या दक्षिणेला सुमारे ३५० किमीवर असलेले हे बेट ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीत आहे. १९७९ मध्ये ही सापसुरळी तिथल्या जंगलात सहज दिसत होती. २०१० नंतर मात्र जंगलात ती कुणालाच दिसली नाही.

ती नाहीशी का झाली?

मुख्य संशय एका सापावर आहे. आपल्याकडे घरात शिरणाऱ्या बिनविषारी कवड्याचा हा जवळचा नातलग. १९८०च्या दशकात तो बहुधा जहाजावरील मालासोबत बेटावर पोहोचला. पाली आणि सापसुरळ्या हेच त्याचे खाद्य. अशा शिकाऱ्याशी या सापसुरळ्यांची कधी गाठच पडली नव्हती. बाहेरून आलेल्या गोमी आणि पिवळ्या ‘क्रेझी’ मुंग्यांचाही हातभार लागला असावा, असे मानले जाते.

तिला वाचवता आले नसते का?

२००९ च्या सुमारास निळ्या शेपटीची सापसुरळी आणि लिस्टर्स गेको ही पाल या बेटावरच्या दोन प्रजाती पकडून त्यांची पैदास सुरू झाली. त्या दोन्ही आज जिवंत आहेत. फॉरेस्ट स्किंकच्या बाबतीत मात्र उशीर झाला होता. मोजक्या माद्या हाती लागल्या, नर मिळालाच नाही. ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानुसार ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत तिचे नाव आले जानेवारी २०१४ मध्ये, गम्पच्या मृत्यूच्या चार-पाच महिने आधी. २०१७ मध्ये ‘आययूसीएन’ने तिला नामशेष घोषित केले.

आता पुढे काय?

निळ्या शेपटीच्या सापसुरळ्या २०१९ मध्ये कोकोस बेटसमूहातील एका छोट्या बेटावर सोडण्यात आल्या. तिथे हा साप नाही. ख्रिसमस बेटावर मात्र तो अजूनही आहे. त्याचा बंदोबस्त होईपर्यंत वाचलेल्या या दोन प्रजातींनाही आपल्या मूळ जंगलात परतता येणार नाही.