डेटाबेसची रचना आणि प्रोग्रामरची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. ते तेव्हा आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करत होते. त्याआधीच्या पद्धतींमध्ये नोंद डिस्कवर कुठे आहे आणि कोणत्या नोंदीला धरून तिच्यापर्यंत जायचे, हे प्रोग्रामला ठाऊक असावे लागे. साठवणुकीची मांडणी बदलली की प्रोग्रामही बदलावे लागत. कॉड यांनी हे बंधन तोडले. माहिती टेबलांत राहील, काय हवे ते प्रोग्राम सांगेल आणि ते कसे शोधायचे हे डेटाबेस ठरवेल. त्यामुळे प्रोग्राम आणि माहिती यांची आयुष्ये वेगळी झाली. आज एखाद्या संस्थेत वेबसाइट, मोबाइल ॲप, प्रोग्रामिंगची भाषा सारे दोन-तीनदा बदलते, पण ग्राहकांचे टेबल पहिल्या दिवशी आखले तसेच चालत राहते. रचनेतली चूक म्हणूनच महाग पडते, आणि ती चूक टाळू शकणारा माणूस ओळखणे अवघड का जाते याचेही मूळ इथेच आहे. या दोन्ही बाबतींत काही समजुती घट्ट रुजलेल्या आहेत.

गैरसमज : डेटाबेस म्हणजे मोठी एक्सेल शीट

सुरुवात बहुधा एका रुंद टेबलापासून होते. सातबाऱ्याची माहिती साठवायची असेल तर नवखा माणूस गट नंबर, क्षेत्र, मालक १, मालक २, मालक ३ असे कॉलम आखतो. चौथा वारस निघाला की रचना कोसळते. एका गटाचे अनेक खातेदार असतात आणि एका खातेदाराचे अनेक गट. अशा नात्याला गट आणि खातेदार यांच्याखेरीज तिसरे टेबल लागते. कोणत्या गटात कोणत्या खातेदाराचा किती हिस्सा, एवढेच त्यात लिहायचे.

महसूल खात्याचे गाव नमुने या दृष्टीने मुद्दाम पाहण्यासारखे आहेत. नमुना ७ हा अधिकार अभिलेख, नमुना १२ पिकांची नोंदवही, नमुना ६ फेरफार नोंदवही आणि नमुना ८-अ खातेदारनिहाय जमिनीची नोंद. हक्क आणि पीक वेगळ्या नमुन्यांत ठेवण्यात मोठी समज आहे, कारण हक्क क्वचित बदलतो आणि पीक दर हंगामात. नमुना ६ मध्ये बदल कसा आणि कशाच्या आधारे झाला याचा इतिहास राहतो. नमुना ८-अ मात्र नवी माहिती सांगत नाही. नमुना ७ मधलीच माहिती तो खातेदाराच्या बाजूने मांडतो. कागदावर दोन्ही हाताने लिहावे लागत, त्यामुळे दोहोंत तफावत पडायला वाव असे. चांगल्या रचनेत ८-अ साठवला जात नाही. मागितला की क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, तो मूळ नोंदींतून तयार करून देते. एक वस्तुस्थिती एकाच जागी लिहावी, या नियमालाच नॉर्मलायझेशन म्हणतात. कॉड यांनी १९७० नंतरच्या काही वर्षांत त्याच्या पायऱ्या काटेकोरपणे मांडल्या. परीक्षेत त्या व्याख्या म्हणून पाठ केल्या जातात आणि त्यांचा हा साधा हेतू हरवतो.

गैरसमज : टेबले वाढली की वेग मंदावतो

टेबले जोडणे, म्हणजे जॉइन, महाग असते असे सर्रास सांगितले जाते. योग्य इंडेक्स, म्हणजे नोंद झटपट शोधून देणारी सूची, असेल तर तसे नसते. बहुतेक डेटाबेसमधले इंडेक्स बी-ट्रीवर उभे आहेत. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंगमध्ये काम करताना ही रचना शोधली आणि १९७२ मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इंडेक्सच्या एका पानात ३०० की मावतात असे धरले, तर तीन पातळ्यांत २ कोटी ७० लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. एवढ्या मोठ्या टेबलातून एक नोंद काढायला मोजकीच पाने वाचावी लागतात.

मंद चालणाऱ्या यंत्रणेत दोष बहुधा इंडेक्सच्या अभावाचा किंवा क्वेरीचा असतो. पोस्टग्रेस फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे नेणारा दुवा, तपासते, पण ज्या कॉलमवर ती लावली त्याचा इंडेक्स आपोआप करत नाही. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे साठवणुकीचे इंजिन तो करते. एकावर शिकलेला माणूस दुसऱ्यावर गेला की नेमका इथे फसतो. उलट, प्रत्येक कॉलमवर इंडेक्स ठेवण्याची सवयही घातक आहे, कारण प्रत्येक नव्या नोंदीबरोबर ते सारे इंडेक्स अद्ययावत करावे लागतात. अहवालांसाठी माहितीची मुद्दाम पुनरावृत्ती करणे रास्त असते. मात्र मूळ नोंद कोणती आणि तिची प्रत कोणती हे ठरलेले हवे, आणि हा निर्णय वेग मोजल्यानंतर व्हायला हवा.

गैरसमज : कॉलमचा प्रकार ही किरकोळ बाब आहे

मोबाइल क्रमांक अंकांचा असतो, म्हणून त्याला पूर्णांकाचा कॉलम दिला जातो. ३२ बिटांच्या पूर्णांकाची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. भारतातले मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात, म्हणजे एकही त्यात मावत नाही. ज्या क्रमांकाची कधी बेरीज-वजाबाकी होणार नाही तो मजकूर म्हणूनच साठवावा. पैशाचे उलट आहे. दशांशातली ०.१ ही किंमत द्विमान पद्धतीत नेमकी लिहिता येत नाही, म्हणून फ्लोट प्रकारात रुपये-पैसे ठेवले की ताळेबंदात पैशांचा फरक पडू लागतो. तिथे डेसिमल प्रकारच हवा.

देवनागरीचा प्रश्न याहून नाजूक आहे आणि परदेशी पाठ्यपुस्तकांत तो सापडत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. अक्षर, मात्रा, हलन्त अशी सारी चिन्हे वेगळी मोजली तर ‘ज्ञानेश्वर’ या नावात १० चिन्हे आहेत, म्हणजे ३० बाइट. ओरॅकलमध्ये कॉलमची लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते. तिथे ३० लांबीचा कॉलम या एका नावाने काठोकाठ भरतो, आणि ‘ज्ञानेश्वरी’ त्यात बसत नाही. क्रमवारीचेही तसेच. युनिकोडमध्ये ळ हे अक्षर ल आणि व यांच्यामध्ये येते. मराठी वर्णमालेत ते ह नंतर आहे. मराठी क्रमाचा नियम स्पष्टपणे निवडला नाही तर मतदारयादी असो की शब्दकोश, क्रम चुकतोच.

नावाचे कॉलमही असेच बेसावधपणे ठरतात. पहिले नाव, मधले नाव, आडनाव ही तीन घरे पुरतील असे गृहीत धरलेले असते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नाव लिहायचे. ज्यांनी ‘मधले नाव’ म्हणून एकच कॉलम ठेवला होता, त्यांना आईचे नाव कुठे घालायचे हा प्रश्न पडला.

आधार क्रमांकाला प्रायमरी की, म्हणजे नोंदीची मुख्य ओळख, करणे हीदेखील अशीच घाई. तो प्रत्येकाकडे असेलच असे नाही आणि टंकताना चुकू शकतो. खासगी कंपन्यांच्या आधार-वापरावर सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मर्यादा घातल्या. की म्हणून वापरलेला क्रमांक शेकडो टेबलांत पसरलेला असतो. तो काढून टाकायची वेळ आली तर सारी यंत्रणा उकलावी लागते. ज्याला बाहेरच्या जगात काहीच अर्थ नाही असा अंतर्गत क्रमांक की म्हणून द्यावा आणि आधार लागलाच तर वेगळ्या, संरक्षित जागी ठेवावा.

गैरसमज : नोएसक्यूएल आल्यावर रचनेची गरज उरली नाही

रिलेशनल टेबलांची चौकट सोडणाऱ्या नोएसक्यूएल डेटाबेसची वाट दाखवणारा गूगलचा बिगटेबलवरचा शोधनिबंध २००६ चा, ॲमेझॉनचा डायनॅमोवरचा २००७ चा. हजारो यंत्रांवर माहिती पसरवण्याची त्यांची गरज खरी होती. त्यांच्यापाठोपाठ ‘रचनेशिवाय डेटाबेस’ ही घोषणा मात्र भलत्याच ठिकाणी पोहोचली. टेबलात लिहिलेले नियम काढून टाकले तरी नियम संपत नाहीत. ते प्रत्येक प्रोग्रामच्या आत विखुरले जातात, आणि दोन प्रोग्राम ते वेगवेगळ्या तऱ्हेने पाळतात. खुद्द गूगलने २०१२ मध्ये स्पॅनर ही यंत्रणा मांडली, तेव्हा तिच्यात ट्रान्झॅक्शन, म्हणजे सारे बदल एकत्र किंवा एकही नाही ही हमी, परत आणले होते. मोंगोडीबीने २०१८ मध्ये अनेक डॉक्युमेंटांवरचे ट्रान्झॅक्शन दिले. काही कोटी नोंदींपर्यंतच्या बहुतेक व्यवहारांना एक नीट आखलेला रिलेशनल डेटाबेस पुरतो.

गैरसमज : पदवीधर भरपूर आहेत, म्हणजे कुशल माणूस सहज मिळेल

महाराष्ट्रात या विषयाची परंपरा कमकुवत नाही. जगभर शिकवल्या जाणाऱ्या ‘डेटाबेस सिस्टिम कन्सेप्ट्स’ या पाठ्यपुस्तकाचे एक लेखक एस. सुदर्शन हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक. पुण्यात १९९० मध्ये सुरू झालेल्या पर्सिस्टंट सिस्टिम्सचे संस्थापक आनंद देशपांडे यांची डॉक्टरेट संगणकशास्त्रातली, आणि कंपनीचे सुरुवातीचे कामही डेटाबेसशी निगडित होते. तरीही भरती करणाऱ्यांना रचना जाणणारा माणूस शोधताना घाम फुटतो.

कारण शिक्षणाच्या आणि कामाच्या पद्धतीत आहे. विद्यार्थ्याने आखलेले टेबल तोंडी परीक्षेनंतर मिटवले जाते. तीन वर्षांनी व्यवहार बदलला तेव्हा ते कसे वाकले किंवा मोडले, हे त्याला कधीच दिसत नाही. नोकरीत बहुतेकांच्या हाती आधीच ठरलेली टेबले येतात आणि त्यांवर स्क्रीन बांधायच्या असतात. रचनेतली चूक उघड व्हायला वर्षे लागतात, तोवर ती करणारा दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. चूक आणि तिची जाणीव यांची गाठ एकाच माणसात पडत नाही. ती पडते जुनी यंत्रणा सांभाळणाऱ्यांत, आणि मेंटेनन्सच्या कामाला उद्योगात मान कमी. रेझ्युमेवरही ते शेवटच्या ओळीत जाते. नेमक्या याच लोकांना बाजूला ठेवून भरती होते, ही दुर्दैवाची गोष्ट आहे.

गैरसमज : अवघड कोडी घातली की हुशार माणूस कळतो

एका प्रोग्रामरमध्ये दहा जणांची ताकद असते, या समजुतीचा उगम सॅकमन, एरिकसन आणि ग्रँट यांच्या १९६८ मधल्या प्रयोगाकडे जातो. त्यात चुका शोधण्याच्या वेळेत २८ : १ असे गुणोत्तर आले. अनुभवी सहभागी होते १२. त्यांत काही जण टर्मिनलवर बसले होते, काहींना कागदावर लिहून निकालाची वाट पाहायची होती, आणि सर्वांची प्रोग्रामिंग भाषाही एक नव्हती. सर्वांत मंद माणसाची सर्वांत वेगवान माणसाशी केलेली ती तुलना होती. माणसामाणसांत फरक असतो, पण या आकड्यावर भरतीचे धोरण उभारता येत नाही.

मुलाखतीतल्या कोड्यांचा उपयोग नाही, हे गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लाझलो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे मान्य केले. निवडीच्या पद्धतींवरच्या अनेक दशकांच्या संशोधनाचा श्मिट आणि हंटर यांनी १९९८ मध्ये आढावा घेतला. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना आणि ठरावीक प्रश्नांची आखीव मुलाखत या पद्धती वर आल्या, नुसती अनुभवाची वर्षे बरीच खाली गेली. सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ही आकडेमोड सुधारली. कामाच्या नमुन्याचे वजन तेव्हा घटले, पण आखीव मुलाखत सर्वांत वर राहिली.

डेटाबेसच्या कामासाठी आखीव मुलाखत म्हणजे सर्व उमेदवारांना एकच खरा व्यवहार सांगायचा आणि टेबले आखायला लावायची. साखर कारखान्याच्या काट्यावरची उसाची नोंद हे चांगले उदाहरण ठरेल. शेतकरी, उसाचा गट, तोडणीची टोळी, वाहन, वजनाची पावती आणि टनामागचा दर एवढेच सांगावे. कच्चा उमेदवार लगेच कॉलम आखू लागतो. जाणता उमेदवार आधी विचारतो. एका खेपेत दोन शेतकऱ्यांचा ऊस येतो का? भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करायचे, तर दोन्ही जपायची की फक्त निव्वळ वजन? दर नंतर वाढला तर जुन्या पावत्यांचे काय? पैसे हप्त्याने दिले तर कोणता हप्ता कोणत्या पावतीपोटी? वजन चुकून नोंदले गेले तर पावती खोडायची की दुरुस्तीची वेगळी नोंद करायची? यातले तीन प्रश्न स्वतःहून विचारणाऱ्याला नॉर्मल फॉर्मची व्याख्या आठवली नाही तरी बिघडत नाही. त्यानंतर आपली कोणती रचना पुढे बदलावी लागली आणि जुन्या नोंदी नव्या टेबलात कशा नेल्या, हे विचारावे. ज्याने हे खरोखर केले आहे त्याच्या बोलण्यात तपशील येतात : किती नोंदी होत्या, काम किती वेळ बंद ठेवले, काय जुळले नाही.

एसक्यूएल ही क्वेरी लिहिण्याची भाषा यायलाच हवी का, असाही प्रश्न येतो, कारण ओआरएम हे प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणारे साधन ती आपोआप लिहून देते. ओआरएमवर पूर्ण भिस्त ठेवली की १०० पावत्यांची यादी दाखवताना शेतकऱ्याचे नाव आणायला पावतीगणिक एक, अशा एकूण १०१ क्वेरी पाठवणारा प्रोग्राम तयार होतो. दहा नोंदींच्या चाचणीत ते कळत नाही, गळीत हंगामात कळते. क्वेरी तपासतानाही भरलेली माहिती महत्त्वाची असते. आयआयटी मुंबईतल्या एक्सडेटा या प्रकल्पाने विद्यार्थ्यांच्या चुकीच्या क्वेरी उघड्या पडतील अशी छोटी माहिती मुद्दाम तयार करण्याची पद्धत विकसित केली. भरतीच्या चाचणीतही तेच करता येते. एखाद्या कॉलमात नल, म्हणजे न भरलेली किंमत, ठेवावा, एक शेतकरी पावतीविना ठेवावा, दोघांची नावे सारखी ठेवावीत. ‘नॉट इन’ लिहिणाऱ्या उमेदवाराच्या उपक्वेरीत एक जरी नल आला तरी उत्तर रिकामे येते. ते का, हे त्याला सांगता आले पाहिजे.

राहिला घाईचा प्रश्न. भारतीय कंपन्यांत ९० दिवसांचा नोटीस पिरियड नवलाचा नाही, त्यामुळे निवड झालेला माणूस तीन महिन्यांनी येतो आणि तोवर प्रकल्प मागे पडलेला असतो. मग एका जाणत्याऐवजी चार नवखे घेतले जातात. उशीर झालेल्या प्रकल्पात माणसे वाढवली की उशीर आणखी वाढतो, हे फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते. डेटाबेसच्या बाबतीत त्यात आणखी भर पडते, कारण चौघे चार प्रकारे टेबले आखतात. एक अनुभवी माणूस आठवड्यातले काही तास सल्लागार म्हणून मिळाला आणि त्याने पाहिल्याशिवाय कोणतेही नवे टेबल चालू यंत्रणेत जाणार नाही असे ठरवले, तर नवख्यांकडूनही चांगले काम होते. टेबल बदलण्याची स्क्रिप्ट त्यांनीच लिहावी, खऱ्या माहितीची नावे-क्रमांक झाकलेली प्रत घेऊन तिच्यावर चालवून पाहावी आणि काय अडले ते लिहून ठेवावे. रचना आखणारी माणसे संस्थेत अशा कामातूनच तयार होतात.