पायाचा अंगठा

“अगं, बिघाड छातीत आहे ना? मग पाय का जातील?”

वैशाली नगरात आमच्याच गल्लीत राहणाऱ्या काकांनी संमतिपत्रातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. मी त्यांची भूलतज्ज्ञ, पण त्यांच्या लेखी अजून फ्रॉकमधलीच. भिलाईच्या ब्लास्ट फर्नेसवर हयात घालवलेला माणूस. त्यांच्या महारोहिणीला छातीपासून पोटापर्यंत फुगा आला होता. तो भाग उघडून तिथे कृत्रिम नळी शिवायची होती.

मी कागद उलटा करून चित्र काढलं. मज्जारज्जूच्या पुढच्या अंगाने वरून खाली एकच बारीक धमनी उतरते. एवढीशी धार तळापर्यंत पुरत नाही, म्हणून महारोहिणीच्या फांद्या वाटेत तिला जोड देतात. त्यांतल्या सर्वांत मोठ्या फांदीला अदामकिएविच या पोलिश संशोधकाचं नाव आहे; 1882 मध्ये त्याने तिचं वर्णन केलं. ती बहुधा डावीकडून, छातीच्या नवव्या ते बाराव्या मणक्यापाशी निघते. त्या ‘बहुधा’चीच डोकेदुखी. शिवण्यासाठी महारोहिणीला चिमटे लावले की या फांद्या कोरड्या पडतात.

“फर्नेसचं कूलिंगचं पाणी बंद पडलं, असं समजा.”

“किती मिनिटं?” त्यांनी लगेच विचारलं. नातेवाईकांना हा प्रश्न सुचत नाही.

“काहीच उपाय केला नाही, तर अर्ध्या तासापुढे धोका चढत जातो.” शिवायला त्याहून जास्त वेळ लागतो.

उपाय म्हणजे मुळात एक वजाबाकी. रक्ताच्या सरासरी दाबातून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याचा दाब वजा करायचा. उरेल तेवढ्याच जोरावर रक्त आत शिरतं. म्हणून रक्तदाब चढा ठेवायचा आणि पाणी काढत राहायचं. ह्यूस्टनच्या कोसेली यांनी 2002 मध्ये 145 रुग्णांचा अभ्यास मांडला. पाणी न काढलेल्यांत 13 टक्क्यांचे पाय अधू झाले, काढलेल्यांत 2.6 टक्क्यांचे.

शस्त्रक्रियेच्या सकाळी काका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडले. कमरेच्या मणक्यांमधून सुई सरकली, हाताला हलकी ‘टक’ जाणवली आणि टोकाशी स्वच्छ थेंब लोंबला. त्यातून धाग्यासारखी नळी आत गेली. दाब 10 मिलिमीटरच्या आसपास ठेवायचा, तासाला 10-15 मिलीलीटरहून जास्त पाणी सोडायचं नाही. घाईने उपसलं तर मेंदूभोवतीच्या शिरा ताणून फाटतात. दाबाचं शून्य पलंगाच्या उंचीवर ठरतं. कुणी सहज पलंग वर केला की आकडा खोटा. म्हणून पलंगाला मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवते: ‘हात लावू नये’. तरी कुणीतरी लावतंच.

चिमटे लागले. पंपाने खालच्या अंगाला रक्त चालू होतं, शरीर 33 अंशांपर्यंत गार केलेलं. डोक्याला विजेचा झटका द्यायचा आणि पायाच्या स्नायूत लाट उमटते का ते पडद्यावर बघायचं. हाताची लाट तुलनेला. यासाठी स्नायू सैल करणारं औषध आवरून द्यावं लागतं. मध्येच पायाची लाट बसली, हाताची मात्र तशीच. मी रक्तदाब वाढवला, सर्जनने फांद्यांची एक जोडी नव्या नळीला जोडून घेतली. लाट परतली, पण ती दहा मिनिटं मी विसरणार नाही.

इथे संपत नाही. जागे झाल्यावर पाय हलवलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी लुळा पडू शकतो. रात्री रक्तदाब थोडा ढळला तरी पुरतं. म्हणून आयसीयूत सिस्टर दर तासाला काकांना उठवायची, “बबा, गोड़ ला हलाव तो.” छत्तीसगढीत गोड़ म्हणजे पाय. मधुमेही काकांना पहिल्यांदा वाटलं, ही खाण्याबद्दल बोलतेय.

दुसऱ्या रात्री तीन वाजता डावा अंगठा हलला नाही. सरासरी दाब 68 वर आला होता. औषध वाढवलं, रक्ताची पिशवी लावली, थोडं पाणी सोडलं. पाऊण तास सिस्टर आणि मी एका अंगठ्याकडे बघत उभ्या होतो. मग तो जरासा वाकला.

“रक्ताचा सरासरी किती?” काकांनी डोळे मिटूनच विचारलं.

“95.”

“आणि पाण्याचा?”

“नऊ.”

ओठ हलले. “86,” म्हणाले आणि झोपले. सिस्टरने तक्त्यावर वेळ लिहिली आणि पुढच्या तासाचा गजर लावला.