पाच मिलिमीटरचा शनिवार

सकाळी ६.३०. घर झोपलंय तोवर जेवणाचं टेबल माझं. नॉटिंगहॅमला राहायला आलो आणि मॉडेलांच्या युद्धखेळाचा नाद लागला. गावच तसं आहे. ‘वॉरहॅमर’ इथलंच, ‘बोल्ट ॲक्शन’ही इथलंच. समोर मॉडेलचे दोन सेकंडहँड डबे, दोन्हींत १/५६ मापाचा साधा शर्मन रणगाडा. संध्याकाळी सातला क्लबात खेळ: नॉर्मंडी, जून १९४४. मला हवाय फायरफ्लाय, सतरा पौंडी तोफेचा ब्रिटिश शर्मन.

७.००. तोफ बदलली की झालं, असं नवख्याला वाटतं. पण बहुतेक फायरफ्लाय एम४ए४वर बेतलेले होते. त्यात क्रायस्लरने मोटारींची पाच इंजिनं एकत्र जुंपली होती, तीस सिलिंडरचं धूड. ते मावावं म्हणून सांगाडा सुमारे २८ सेंटिमीटरने वाढवला. छप्पन्नने भागा, ५ मिलिमीटर! दोन डब्यांतून एक रणगाडा केला की क्लबातले सोवळे नाकं मुरडतात. अहो, कारखान्यानेच जोडाजोड केली होती की.

८.१५. एका सांगाड्याचा पुढचा भाग थोडा लांब ठेवून कापला, दुसऱ्याचा मागचा. करवत बारीक, हात सावकाश; पातं तापलं की प्लास्टिक वितळून त्यालाच चिकटतं. मग प्लास्टिक सिमेंट. हा डिंक नव्हे. दोन्ही कडा विरघळवून त्यांना एकजीव करतो. मात्र ओला असेतो सांगाडा केळ्यासारखा वाकू शकतो. मागच्या खेपेला माझी चार चाकं अधांतरी राहिली होती. या वेळी काचेवर ठेवून वर रबरबँड.

१०.३०. चाकांच्या बोग्या तीन, मधल्या फटी दोन. वाढलेले पाच मिलिमीटर दोन्हींत वाटायचे, म्हणून मधली बोगी उचकटून अडीच मिलिमीटर सरकवली. पट्टाही तोकडा पडतो. खऱ्या गाडीला एका बाजूला ७९ऐवजी ८३ कड्या लागत. जास्तीच्या दुसऱ्या डब्यातून घेतल्या.

१२.४०. आईचा व्हिडिओ कॉल. “काय रे, चाळिशीत खेळणी?” “रणगाडा आहे, आई.” “बरं. जेवलास का?”

१.३०. बुरूज. खरी तोफ त्यात मावेना, म्हणून तिचा मागचा भाग कुशीवर वळवला आणि रेडिओ बुरुजामागे ठोकलेल्या पेटीत हलवला. मी ती पेटी प्लास्टिकच्या पत्र्याची केली. नळीत पेपरक्लिपची तार घातली; क्लबात लोक मॉडेल नळीला धरूनच उचलतात.

४.००. ऑलिव्ह ड्रॅब. नळीचं पुढचं टोक खालून पांढरं. चार गाड्यांच्या तुकडीत फायरफ्लाय बहुधा एकच असे आणि लांब नळी दिसली की जर्मन आधी तिलाच टिपत. रंगाची ही हातचलाखी नळी आखूड भासावी म्हणून.

५.३०. उरलेले दोन तुकडे जोडले. हा शर्मन ५ मिलिमीटर आखूड. नाक खंदकात खुपसलं, काळा रंग फासला, वर कापसाचा धूर. मोजतो कोण!

७.४५. दुसरीच फेरी. कुंपणाआडून जर्मन तोफ, समोरच्याचा फासा सहा. माझा फायरफ्लाय उचलून त्याच्या जागी जळका, आखूड शर्मन ठेवला. दोन्ही डब्यांचे पैसे वसूल.