राजीनाम्यानंतरचे बिशप

सॅम्युएल शेरेशेव्स्की अमेरिकन मिशनरी म्हणून ओळखले जातात, पण त्यांचा जन्म १८३१ चा, लिथुआनियातल्या ज्यू कुटुंबातला. रब्बी होण्यासाठी हिब्रू शिकत असताना हिब्रूतलाच नवा करार हाती आला आणि आयुष्याची वाट बदलली. १८५४ मध्ये ते अमेरिकेला गेले, पुढे एपिस्कोपल चर्चचे झाले आणि १८५९ च्या अखेरीस शांघायला पोचले.

लहानपणीचे ते हिब्रू चीनमध्ये कामी आले. बीजिंगला राहून त्यांनी जुना करार मूळ हिब्रूतून थेट मँडरिनमध्ये उतरवला. त्याआधीची बहुतेक भाषांतरे पंडिती चिनीत होती; वाचून दाखवली तरी सामान्य माणसाला ती कळत नसत. परकीय तोफांनी लादलेल्या तहांमुळेच मिशनऱ्यांना चीनच्या अंतर्भागात शिरकाव मिळाला, हे मात्र विसरता येत नाही. तरीही लोकांच्या बोलीसाठी इतकी वर्षे झिजणाऱ्या या माणसाबद्दल मला आदरच वाटतो.

बिशपपद त्यांनी एकदा नाकारले होते. पुन्हा निवड झाल्यावर १८७७ मध्ये ते स्वीकारले आणि दोनच वर्षांत शांघायला सेंट जॉन्स कॉलेज काढले. लेखक लिन युतांग तिथेच शिकले.

१८८१ च्या उन्हाळ्यात वुछांगमध्ये त्यांना उष्माघात झाला आणि शरीर लुळे पडले. १८८३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. वय अवघे बावन्न.

खरे काम यानंतरचे. हातात कुंचला धरवत नव्हता, मग चिनी अक्षरे लिहायची कशी? खुर्चीत बसून, जेमतेम हलणाऱ्या एकदोन बोटांनी ते टंकयंत्रावर चिनी उच्चार रोमन अक्षरांत उमटवत. लेखनिक त्यावरून चिनी अक्षरे लिहून काढत. असे एकेक अक्षर दाबत त्यांनी संपूर्ण बायबल सोप्या ग्रांथिक चिनीत आणले. बोलीभाषा प्रांतागणिक बदलते. ही लेखी भाषा मात्र चीनभर बेताचे शिकलेल्यांनाही वाचता येई. या सगळ्या वर्षांत पत्नी सुझन यांनी त्यांना सांभाळले. छपाईवर देखरेख ठेवण्यासाठी दोघे टोकियोला जाऊन राहिले. १९०२ मध्ये ग्रंथ पूर्ण छापून झाला. १९०६ मध्ये टोकियोतच शेरेशेव्स्की वारले.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनीही उत्तरायुष्य केडगावला हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल करण्यात घालवले. ते त्यांच्या पश्चात, १९२४ मध्ये छापून झाले. शेरेशेव्स्कींकडे बिशपपद सहा वर्षे होते, भाषांतर आयुष्यभर. त्यांचे नाव अनुवादकांच्या इतिहासातच आधी घेतले पाहिजे.