कोरड्या तळ्यांतील अश्मउल्का
कॅलिफोर्नियातील मोहावी वाळवंटात ल्यूसर्नसारख्या कोरड्या तळ्यांचा तळ फिकट, भेगाळलेल्या चिखलाचा असून त्यावर दगड मुळातच विरळ असल्याने, वातावरणातून येताना वितळलेल्या पृष्ठाचे काळे कवच गंजून तपकिरी झालेला नखाएवढा उल्काखंडही नजरेत भरतो. अशा खंडाला चुंबक लावण्याचा मोह होतो; परंतु मॅग्नेटाइटयुक्त पार्थिव दगडही चुंबकाकडे ओढला जातो, शिवाय उल्केतील मूळ चुंबकीय नोंद त्यामुळे पुसली जाते, तेव्हा ही कसोटी टाळलेलीच बरी. खरा निवाडा प्रयोगशाळेत होतो : पातळ छेदात कॉन्ड्रूल, म्हणजे सौरमालेच्या आरंभी वितळून थिजलेले सूक्ष्म गोलसर कण, दिसले की खंड कॉन्ड्राइट ठरतो आणि ऑलिव्हिन या खनिजातील लोहयुक्त घटकाचे प्रमाण सुमारे १६ ते २० टक्के असल्यास तो ‘एच’, २२ ते २६ असल्यास ‘एल’ गटात जातो.