आधी वेग, मग व्होल्टेज

मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला आणि भर दुपारी लाईन गेली, की नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या दुकानांपुढचे लहान जनरेटर सुरू होतात आणि पाठोपाठ माझा फोन वाजतो. तक्रार ठरलेली: "भाऊ, मशीन चालू आहे, पण कूलर नुसता घूं घूं करून राहिला. लाईटबी डिम." बर्डीवर लहान जनरेटर दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं. या तक्रारीवर जो उपाय सर्रास केला जातो, त्यानंच फ्रिज-टीव्ही जळतात, म्हणून हे लिहितो आहे.

उपाय असा, की इंजिनाची रेस वाढवायची. मीटरवर 190 चे 230 व्होल्ट दिसतात, कूलर फिरतो, गिऱ्हाईक खूश. मग कधीतरी कूलर बंद होतो. लोड उतरल्याबरोबर तेच मशीन 270 कडे उडी मारतं आणि त्या क्षणी जोडलेल्या फ्रिजचं कार्ड जातं.

लहान जनरेटरचा रोटर बहुधा दोन पोलचा असतो. तो मिनिटाला 3000 फेरे फिरला तरच आपल्याला हवी ती 50 हर्ट्झची वीज मिळते. लोड आला की इंजिन दबतं. सेमिनरी हिल्सचा चढ लागल्यावर सायकलवाला पायाचा जोर वाढवतो, तेच काम इंजिनात गव्हर्नर करतो. स्प्रिंग आणि दांडीच्या जोरावर तो कार्बुरेटर जास्त उघडतो. पण वेग थोडा घसरल्याशिवाय तो हलत नाही. म्हणून बिनलोडाचं मशीन मुद्दाम 52 हर्ट्झच्या आसपास लावायचं, म्हणजे पूर्ण लोडवर ते 50 च्या जवळ येतं.

स्वस्त, बिनब्रशच्या मशीनमध्ये व्होल्टेज सांभाळायला जादा वाइंडिंग आणि तिला जोडलेला कंडेन्सर, एवढंच असतं. कंडेन्सरमधून वाहणाऱ्या करंटवर रोटरचं चुंबकत्व टिकतं. वेग घटला की त्या वाइंडिंगचं व्होल्टेज घटतं, फ्रिक्वेन्सीही घटते आणि दोन्हींमुळे कंडेन्सरचा करंट पडतो. परिणामी वेग थोडा पडला तरी व्होल्टेज त्याहून जास्त कोसळतं. म्हणून मी मीटर आधी हर्ट्झवर लावतो, व्होल्टवर नंतर.

लोडवर हर्ट्झ 47 पर्यंत उतरत असतील तर दोष इंजिनात शोधायचा. एअर फिल्टरमध्ये उन्हाळ्याची धूळ असते, जेटमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकटा. भारनियमनाच्या वर्षांत घेतलेली, पेट्रोलवर सुरू करून घासलेटवर चालवायची मशिनं अजून काही गोदामांत आहेत; त्यांच्यात काजळी अमाप. त्यात आपलं ऊन. तापलेली हवा विरळ असते, इंजिनाची ताकदच कमी होते. मशीनवर छापलेला आकडा मे महिन्यात पुरता मिळेल असं धरूच नये. साफसफाईनंतर गव्हर्नरची स्प्रिंग बघायची. काही इंजिनांत दांडीला स्प्रिंगसाठी एकाहून जास्त भोकं असतात. दांडीच्या खिळीकडचं भोक निवडलं की वेग कमी घसरतो, मात्र अती केलं तर इंजिन वरखाली हेलकावे खाऊ लागतं. तो हेलकावा मीटरच्या आधी कानाला कळतो.

हर्ट्झ बरोबर आणि व्होल्ट कमी, असं असेल तेव्हाच कंडेन्सरकडे वळावं. उष्णतेनं आणि वयानं त्याची क्षमता उतरते. बदलताना छापलेलेच मायक्रोफॅरड आणि तितकंच किंवा अधिक व्होल्टेज घ्यावं. मोठा कंडेन्सर लावून व्होल्टेज चढवणारे आहेत. त्यानं वाइंडिंग तापते. आणि मशीन बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज उरतो. तो उतरवल्याशिवाय हात घालू नका, हे मी प्रत्येक पोराला बजावतो.

खरी सुधारणा हवी असेल तर पुढचं मशीन एव्हीआरचं घ्यावं. हे छोटं सर्किट व्होल्टेज सतत तपासतं आणि ब्रशमधून रोटरला लागेल तितकाच डीसी करंट देतं. जुन्या कंडेन्सरवाल्या मशीनला ते वरून बसवता येत नाही, कारण रोटरच वेगळा असतो. बाहेरून स्टॅबिलायझर लावण्याचा सल्लाही मला पटत नाही. दमलेल्या इंजिनावर तो व्होल्टेज चढवायला उलट जास्त करंट ओढतो, इंजिन आणखी दबतं.

खर्च न करता होणारी गोष्ट म्हणजे क्रम. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहा पट घेते. म्हणून फ्रिज किंवा कूलर आधी, तोही एका वेळी एकच; मशीन सावरलं की दिवे, टीव्ही शेवटी. बंद करताना उलट.

धंतोली-रामदासपेठेतल्या छोट्या दवाखान्यांना मी इन्व्हर्टर जनरेटर सुचवतो. त्यात आधी सगळ्या विजेचा डीसी होतो आणि मग इलेक्ट्रॉनिक्स 50 हर्ट्झची स्वच्छ वीज नव्यानं घडवतं. इंजिनाचा वेग कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही. महाग आहे, पण तपासणीच्या नाजूक यंत्रांसाठी तो खर्च करावाच. दुकानातल्या दिव्यांना आणि कूलरला मात्र नीट लावलेला गव्हर्नर पुरतो.